पाव्हण्याचा टंच

आण्णा,

पाव्हण्यानं बॅट खाली ठेवली आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. टीव्हीवर तेव्हा अजून त्याचंच चाललं होतं. एकूण धावा, एकूण शतकं, घरच्या मैदानावरची वेगळी, परदेशातली वेगळी, कप्तान असतानाची वेगळी. खालच्या पट्टीवर आकडे नुसते पळत होते. तेवढ्यात तुमच्या महेशचा फोन आला, "दत्तादा, आण्णा गेलं." मी म्हटलं, "घरी सोडलं व्हय?" मला खरंच वाटलं की मिरजेच्या दवाखान्यातनं तुम्हाला घरी सोडलं. महेशनं परत तेच सांगितलं, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

आज चौदावा दिवस. मी परत कोइमतुरात, आपल्या दुकानात, माझ्याच स्टुलावर. तुमच्या स्टुलावर अजून बसलेलो नाही. आठवीतनं शाळा सोडलेला माणूस मी, चिठ्ठीपेक्षा मोठं काही माझ्या हातनं कधी लिहून झालेलं नाही. पण एक गोष्ट तुम्हाला तोंडावर सांगायची राहिली. दोन वर्षं राहिली. रोज सकाळी सांगायची ठरवायचो आणि रोज भट्टी पेटली की राहून जायची.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी हा कागद दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. आपलं दुकान गलाईचं. सोनारपेठेतले लोक जुने दागिने, मोड, ओतलेले तुकडे आणतात. आपण ते गाळायचे, तेजाबात उकळायचे, तांबं-चांदी वेगळी काढायची. आणि कुठल्याही तुकड्यात खरं सोनं शंभरात किती, ते सांगायचं. ते सांगणं म्हणजे टंच काढणं. टंच चिठ्ठीवर लिहायचा आणि खाली तुमची सही. त्या सहीवर इथल्या पेठेत दागिने घडतात, लग्नं लागतात. तुम्ही विट्याकडचे, मी औंधाकडचा, आणि दोघं पोट भरायला आलो तमिळ मुलखात. इथंही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, त्यामुळं तुम्ही अख्ख्या गल्लीचे आण्णा झालात. मला मात्र गल्लीनं तंबी केलं. तंबी म्हणजे धाकटा. आता कानशिलं पांढरी झाली तरी तंबीच.

आणि पाव्हणा म्हणजे तो. त्याचं खरं नाव जगाला माहीत आहे, इथं लिहायची गरज नाही. तो खेळायला आला की घरी पाव्हणं आल्यासारखी आपली कामं थांबायची, म्हणून तुम्ही त्याला पाव्हणा केलंत. "पाव्हणा आला का रं?" म्हणजे तो बॅटिंगला आला का. "पाव्हणा जेवला" म्हणजे पन्नास झाले. "पाव्हणा उपाशी गेला" म्हणजे शून्यावर आऊट. एकदा एक मारवाडी गिऱ्हाईक दुकानात बसलं होतं, तुम्ही फोनवर काकूंना म्हणालात, पाव्हणा आज बी उपाशीच गेला. तो बिचारा म्हणाला, अहो, माझ्या घरनं डबा मागवू का?

तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्यापुढं आहे. त्यात पाव्हण्याचं प्रत्येक शतक आहे, पण धावा लिहिलेल्या नाहीत. टंच लिहिलेला आहे. जगानं त्याची शतकं मोजली, तुम्ही ती गाळलीत. सुटलेला झेल असला की तेवढं वजा. समोरचा मुख्य बॉलर लंगडत असला की वजा. मॅच कधीच निकाली निघालेली आणि हा आपला पाटा विकेटवर मारतोय, तर लय वजा. जे उरलं ते खरं. मी सुरुवातीला चिडायचो. मी म्हणायचो, आण्णा, शतक ते शतक, त्यात काय गाळायचं? तुम्ही म्हणायचा, "बांगडी बी बांगडी असती गड्या. आत लाख भरल्यात का काय ते बघाय नगं?"

वहीतला सगळ्यांत वरचा टंच शतकाला नाहीच. परदेशातल्या ओल्या, उखडलेल्या विकेटवर, जिथं आपले बाकीचे सगळे आले तसे परत गेले, तिथं त्यानं केलेली पन्नासही न झालेली खेळी. मॅच हरलो. पेपरात त्या खेळीवर एक ओळ आली असेल नसेल. तुम्ही मात्र दोन तास भट्टीवर मूस चढवली नाहीत. पाव्हण्याच्या अंगावर चेंडू आपटत होते. तुम्ही दर चेंडूला स्वतःची बरगडी दाबायचा. तो आऊट झाल्यावर उठून वहीत लिहिलंत, नव्याण्णव. मी म्हटलं, मग शंभरच लिवा की. तर म्हणालात, शंभर टंचाचं सोनं देवाकडं बी नसतं.

आज त्याच्या निवृत्तीवर जो तो बोलतोय. ढीगभर आकडे टाकून हा त्याच्यापेक्षा मोठा, तो ह्याच्यापेक्षा मोठा. त्या ओल्या विकेटचं कुणी बोललं नाही. मी वाट बघत होतो.

मला एवढं सगळं कळतं ते तुमच्यामुळं, आण्णा. शाळेत मला दशांश कधी कळला नाही. मास्तर फळ्यावर टिंब द्यायचे आणि माझ्या डोक्यात अंधार. इथं आलो तेव्हा टंचाचे आकडे वाचताना मला घाम फुटायचा. तुम्ही रागावला नाहीत. पेपरातलं पाव्हण्याच्या सरासरीचं कोष्टक काढून पुढं ठेवलंत. म्हणालात, हे टिंबाच्या अलीकडचं ते रन, आन् पलीकडचं म्हंजी रनाचा चुरा, एक चुरा इकडं-तिकडं झाला तर दोन बॅट्समनांचा नंबर बदलतो. महिन्याभरात मी दशांश वाचायला लागलो. मग स्कोअरकार्डावरनं इंग्रजी अक्षरं. माझ्या लेकीचं आज मी गणित घेतो फोनवरनं. तिला वाटतं तिचा बाप शिकलेला आहे.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीची फायनल. तुम्ही चहावाल्याकडं मोठ्या टीव्हीपुढं जाऊन बसला होता. सकाळी दमा वाढला होता, सारखी ये-जा झेपणार नव्हती, म्हणून चिठ्ठीबुकातल्या दहाबारा चिठ्ठ्यांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. माझ्यावर विश्वास होता म्हणून. मी दुकानात एकटा, फोन डब्याला टेकवून मॅच बघत. पाव्हणा नव्वदीत. त्याच वेळी मुरुगन आसारी आले.

आसारी म्हणजे इथले सोनार. हे मुरुगन आसारी देवळामागच्या बोळात राहतात, वयानं तुमच्यापेक्षा मोठे, ताली घडवण्यात अख्ख्या पेठेत पहिले. ताली म्हणजे इकडचं मंगळसूत्र. पेठेच्या तोंडाशी जी मोठी पेढी आहे तिचं लग्नसराईचं सगळं काम त्यांच्याकडं असायचं. त्यांनी तालीसाठी विकत घेतलेला सोन्याचा ओतलेला तुकडा आणला होता, तेजाबात उजळून लख्ख केलेला. टंच पाहिजे होता, घाईत.

तुमचा नियम होता, आदी खरवड, मग बघ. कारण तेजाब वरवरचं तांबं खातं, त्यामुळं उजळलेला तुकडा वरून आतल्यापेक्षा चोख दिसतो. आणि आपलं मशीन वरचंच वाचतं. आधी कानशीनं वरचा पापुद्रा काढायचा, शंका आली तर गाळूनच बघायचं. हे तुम्ही मला हजारदा सांगितलं असेल. पण पाव्हणा नव्याण्णववर होता, आण्णा. मी तुकडा तसाच मशीनखाली ठेवला. आकडा आला, चिठ्ठीवर उतरवला, तुमची सही आधीच होती. नेहमीसारखा दाण्याएवढा नमुना कापून पुडीत ठेवला. आसारींनी दोन्ही हातांनी चिठ्ठी घेतली आणि डोळ्याला लावली. तुमच्या सहीची चिठ्ठी ते नेहमी डोळ्याला लावतात.

ते बाहेर पडले आणि पाव्हण्याचं शतक झालं. गल्लीत फटाके वाजले.

आठ-दहा दिवसांनी पेठेत कुजबुज आली. मोठ्या पेढीनं आसारींनी घडवलेली ताली तपासली तर टंच कमी भरला. पेढीचे मालक म्हणाले, तुकडा आण्णांच्या चिठ्ठीचा होता, चिठ्ठी खोटी असणं शक्य नाही, म्हणजे आसारींनीच जोडाला झाळ, म्हणजे डाग द्यायचं हलकं सोनं, जास्त वापरली. म्हातारा झालाय, हात सुटलाय. कुणी म्हणालं हात सुटला नाही, मनच सुटलं असेल. पेढीनं त्यांचं काम काढून घेतलं.

मी ते ऐकलं त्या दुपारी तुम्ही जेवायला गेला होता. मी पुडीतला नमुना काढला आणि गाळून टंच काढला. माझ्या चिठ्ठीपेक्षा तीन टंच कमी. म्हणजे तुकडाच कमी टंचाचा होता. आसारींची झाळ बरोबर, ताली बरोबर, त्यांचा हात बरोबर. चूक होती ती मी न खरवडता वाचलेल्या आकड्यात.

मी ती पुडी भट्टीत टाकली.

त्याच आठवड्यात आपलं भांडण झालं. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वही उघडलीत आणि म्हणालात, "साठ."

मी विचारलं, "काय साठ?"

"पाव्हण्याचं फायनलचं. साठ टंच."

माझा पारा चढला. जगभर ज्या शतकाची मिरवणूक चाललेली, त्याला साठ? तुम्ही शांतपणे सांगितलंत. तो वीस-पंचवीसवर असताना चेंडू बॅटीची कड घेऊन किपरकडं गेला. समोरच्यांनी आरडाओरडा केला, अंपायरनं नकाराची मान हलवली, आणि त्यांच्याकडं रिव्ह्यू उरलेला नव्हता. मागनं टीव्हीनं दाखवलं, बॅटीपाशी आवाजाची ती रेघ टुणकन उडाली होती.

मी म्हटलं, "अंपायरनं नॉटआऊट दिला, मग त्यानं का जायचं? सगळेच थांबतात."

"थांबंनात का. मी त्याला चोर कुठं म्हनलो? अंपायरला ऐकू आलं न्हाई, समोरच्याला दाद मिळाली न्हाई. पर बॅट ज्याच्या हातात हाय त्याला कळलंच की रं. ज्याला कळलं आन् जो थांबला, त्याचं तेवढं वजा."

आण्णा, त्यावर मी जे बोललो ते आजही आठवलं की मला बसवत नाही. मी म्हणालो की विट्याच्या मैदानावर कॉर्कच्या बॉलनं खेळलेल्यांनी जगातल्या एक नंबरच्या बॅट्समनचा टंच काढू नये. दम्यानं पायऱ्या चढवत न्हाईत आन् निघालेत पाव्हण्याला शिकवायला. अजून बरंच बोललो. तुम्हाला वाटलं असेल की पोरगं पाव्हण्यासाठी भांडतंय. मी पाव्हण्यासाठी भांडत नव्हतो.

तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्ही तराजू पुसता पुसता, माझ्याकडं न बघता, ती कंडक्टरची गोष्ट सांगितलीत. तरुणपणी शेजारच्या गावाबरोबरच्या मॅचला तुमचीही अशीच कड लागली होती. गावचाच माणूस अंपायर, त्यानं आऊट दिलं नाही, तुम्ही थांबलात आणि मॅच जिंकून दिलीत. गावानं खांद्यावर घेतलं. "पुढं त्यो बॉलर एस्टीत कंडक्टर झाला की. विटा-सांगली गाडीवर. मला बघून हसायचा, वळखीचं. त्याला काय बी आठवत नसंल. मी आपलं खिडकीबाहेर बघायचो. पुढं पुढं त्याची गाडी आली की सोडून द्यायला लागलो. तासभर उनात हुबा ऱ्हायचो, पर त्याची गाडी नगं."

एवढं सांगून तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हणालो, मूस उतरवायची वेळ झाली, आणि उठलो.

वेळ झाली नव्हती, आण्णा.

तुम्हाला कळलं होतं का? हा एक प्रश्न घेऊन मी दीड वर्ष तुमच्या शेजारी बसलो. कधी वाटायचं कळलंय, आणि हा माणूस मला दार उघडून देतोय. कधी वाटायचं, छे, म्हातारा आपला क्रिकेटचंच बोलतोय. आता काही कळायचा मार्ग नाही. तुम्ही दम्यानं खचत गेलात, सहा महिन्यांपूर्वी चिठ्ठीबुकांवर सह्या करून ठेवून गावी गेलात, महेशनं मिरजेला दाखवलं. पाव्हणा निवृत्त झाला त्या दिवशी तुमचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता. म्हणालात, सगळ्यांनी त्याच्या करिअरची बेरीज मांडलीय, पर बेरजेचा टंच काढता येत न्हाई दत्त्या, एक एक खेळीच गाळाय लागती. मग खोकला आला. मी म्हटलं, आण्णा, मला एक सांगायचं हाय. तुम्ही म्हणालात, "सांग की." आणि मी म्हणालो, पाव्हण्याच्या शेवटच्या खेळीचा टंच राहिलाय लिहायचा. तुम्ही म्हणालात, बरा झालो की बघू.

मला मिरजेची गाडी मिळेपर्यंत तुमचे अंत्यविधी उरकले होते. रक्षाविसर्जनाला पोचलो. येरळेच्या काठाला गाव जमलेलं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, गलाईवाल्यांपैकी कोण केरळातनं, कोण पंजाबातनं आलेलं, तेही बोलले. एकजण म्हणाला, आण्णांची चिठ्ठी असली की कोइमतूरच्या पेठेत दुसऱ्यांदा कुणी विचारत नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. मग माइकवाला म्हणाला, दत्तानं दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. म्हणालो, "आण्णांनी मला दशांश शिकवला."  खाली बसलो. मागनं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर रडत होतं.

निघताना काकूंनी आत बोलावलं. डोळे कोरडे होते त्यांचे. म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठिवलंय. महेश भरतीची तयारी करतोय, त्याला भट्टी नगं. दुकान दत्तानं बघायचं. चिठ्ठी त्यानंच लिवायची आन् सही बी त्याचीच." मी म्हटलं, काकू, माझ्या सहीला तिकडं कोण विचारतंय. त्या म्हणाल्या, "ह्यांनी इचारलं न्हवं? मग झालं."

गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात. तुमच्या सहीच्या जागी माझी सही. आणि माझ्या हातानं तुमच्या सहीखाली लिहिलेली एक चिठ्ठी पेठेत फिरतेय, जिच्यामुळं एका कारागिराचा हात बदनाम झाला. सांगावं तर काय सांगायचं? चिठ्ठी खोटी होती. सही कुणाची? तुमची. तुम्ही जाऊन आठ दिवस झालेले, आणि जे नाव तुम्ही तीस वर्षं तेजाबाच्या वाफा गिळून कमावलं ते मी माझ्या तोंडानं खाली आणायचं. न सांगावं तर आसारी म्हातारे झालेत. ते तसेच जातील. धर्मपुरीला गाडी थांबली तेव्हा वाटलं, इथंच उतरून परत औंधाला जावं, देवीच्या डोंगराखाली चहाची टपरी टाकावी. खरं सांगतो, पिशवी खांद्याला लावली होती.

परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी मी देवळामागच्या बोळात गेलो. मुरुगन आसारी उंबऱ्याशी बसून एका पैंजणाचं अडकण दुरुस्त करत होते. दोन वर्षं हेच करताहेत, नथी, अडकणं, तुटलेल्या कड्या. तुमचं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी हात जोडले आणि मला बसायला पाट दिला. त्यांच्या बायकोनं ताक आणलं. मी ताक हातात धरून, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. फायनल, नव्याण्णव, न खरवडलेला तुकडा, आधीच केलेली सही, पुडीतला नमुना, भट्टी. सगळं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. पाट काढून घेतील. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग विचारलं,

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. मग ते आत वळून बायकोला म्हणाले, ऐकलंस का, हात चुकला नव्हता. ती दारातच खाली बसली. मला तेव्हा कळलं, आण्णा, की पेढीनं काम काढलं हे त्यांना तेवढं लागलं नव्हतं. त्यांनी तुमच्या चिठ्ठीवर कधी शंका घेतलीच नाही. दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या हातावर शंका घेतली. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून आणला. रोज सकाळी तांब्याच्या तारेवर झाळ लावून बघायचे, हात सुटलाय का. बायकोनं सांगितलं हे.

मग मात्र ते रागावले. दबक्या आवाजात, पण असे की माझी मान वर होईना. म्हणाले, तंबी, तुझे आण्णा जिवंत असताना तू आला असतास तर ते माझ्याशेजारी येऊन बसले असते. तू त्यांच्याकडनं ते घेतलंस.  शेवटी म्हणाले, तोंडी नको, लिहून दे. चिठ्ठीवर.

चिठ्ठीबुक मी पिशवीत नेलं होतं. तिथंच पाटावर बसून लिहिलं. तुकडा अमुक, खरा टंच अमुक, त्या दिवशी मी न खरवडता मोजला, आण्णा दुकानात नव्हते, मुरुगन आसारींचं काम चोख होतं. खाली सही. माझ्या नावाची ही पहिली चिठ्ठी.

आम्ही दोघं पेढीवर गेलो. मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, गेलेल्या माणसावर ढकलायला आलास का? सही तर थोरल्याची होती. मी म्हटलं, सही त्यांची, आकडा माझा. त्यांचा दोष असला तर एवढाच की माझ्यावर विसंबले. गादीवरचे कारकून कान देऊन ऐकत होते. दुपारपर्यंत पेठभर होणार हे तेव्हाच कळलं. मालकांनी चिठ्ठी तिजोरीत ठेवली आणि आसारींना म्हणाले, शुक्रवारी या, एक ताली आहे. मला म्हणाले, आमचं गलाईचं काम आता दुसरीकडं बघतो.

काल दिवसभरात दुकानात चार माणसं आली. त्यांतल्या दोघांनी चिठ्ठी घेतल्यावर विचारलं, नक्की ना? दुसऱ्यांदा विचारलं, आण्णा. आपल्या दुकानात कुणी दुसऱ्यांदा विचारावं, हे मी आणलं. मी त्यांच्यासमोर तुकडा परत खरवडला आणि परत दाखवला.

आसारी शुक्रवारच्या तालीचा तुकडा कुठं तपासायला नेतात ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पाव्हण्याच्या शेवटच्या खेळीपुढं वहीत मी काही लिहिलेलं नाही. त्याचा टंच काढायचा मला अधिकार नाही. माझा मात्र तुम्ही काढा. थांबलो ते वजा करा. पुडी जाळली ते वजा करा. तुम्हाला नको ते बोललो ते. तुम्ही फोनवर "सांग की" म्हणालात तेव्हाही बोललो नाही, ते सगळ्यांत जास्त वजा करा. आणि तुम्ही गेल्यावर बोललो, म्हणून त्याला जमेत धरू नका.

जे उरेल तेवढं घेऊन मी उद्या नऊ वाजता दुकान उघडतोय.

तुमचा,
दत्त्या